चोवीस तासांचा तारा

अमेरिकेत ऑगस्ट हा उकाड्याचा आणि सुटीचा महिना. दूरचित्रवाणीच्या धंद्यात तो पडता काळ समजला जाई. नव्या मालिका सप्टेंबरात सुरू व्हावयाच्या आणि तोवर जुन्याच कार्यक्रमांची पुनरावृत्ती चालावयाची, असा तेथील रिवाज होता. या पडत्या महिन्याचे सोने करण्याची युक्ती ‘टर्नर क्लासिक मूव्हीज’ या जुन्या चित्रपटांना वाहिलेल्या वाहिनीने २००३ साली काढली. महिन्याचे एकतीस दिवस तिने एकतीस नटनट्यांना वाटून दिले. सकाळी सहा वाजता एका कलावंताचा दिवस उजाडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मावळतो. त्या चोवीस तासांत फक्त त्याच्या भूमिका असलेले चित्रपट, साधारणपणे बारा ते चौदा, एकामागून एक दाखवले जातात आणि चित्रपटाच्या मध्ये जाहिरात येत नाही. ‘समर अंडर द स्टार्स’ या नावाने हा उपक्रम तेव्हापासून दर वर्षी ऑगस्टमध्ये होत आला आहे.

वरकरणी पाहता ही निव्वळ ताऱ्यांची पूजा. हॉलिवूडने स्वतःच्या आरत्या ओवाळण्याचे जे अनेक प्रकार शोधून काढले, त्यांतच याचीही गणना करावी असे कोणासही वाटेल. वाहिनीचा हेतूही कदाचित तेवढाच असेल. परंतु या पूजेचा परिणाम मात्र उलटा होतो. तारा हा मुळात थोडा वेळ दिसावा अशा बेताने घडवलेला असतो. काळोखात दीड-दोन तास त्याचे दर्शन व्हावे आणि पुढचे दर्शन होईपर्यंत प्रेक्षकाने त्याच्या छायाचित्रांवर आणि दंतकथांवर गुजराण करावी, हे त्या तेजाचे रहस्य. तोच तारा सकाळपासून रात्रीपर्यंत सलग डोळ्यांसमोर राहिला, की तेज ओसरते आणि त्यामागून एक नोकरी करणारा माणूस दिसू लागतो. त्याला मिळालेली कामे, न मिळालेली कामे, मालकाच्या आज्ञेवरून उरकलेली कामे, आणि एखाद्या फुटकळ चित्रपटातही इमानाने केलेले काम हे सारे एका दिवसात उलगडते. ताऱ्यांच्या पूजेसाठी मांडलेल्या या दिवसाइतकी तारापद्धतीची झडती दुसऱ्या कोणी घेतली नसेल.

करारात बांधलेली माणसे

हे कसे घडते ते कळण्यासाठी या वाहिनीच्या कोठारात डोकावले पाहिजे. टेड टर्नर या अटलांटाच्या दूरचित्रवाणी-उद्योजकाने १९८६ साली सुमारे दीडशे कोटी डॉलर मोजून मेट्रो-गोल्डविन-मेयर ही जुनी चित्रसंस्था विकत घेतली. कर्जाचा बोजा इतका झाला, की काही महिन्यांतच चित्रनिर्मितीचा व्यवसाय आणि जागा त्याला विकून टाकाव्या लागल्या. चित्रपटांचा संग्रह मात्र त्याने हातचा सोडला नाही. या संग्रहात मेट्रोचे १९८६ पूर्वीचे चित्रपट होते, वॉर्नर ब्रदर्सचे १९५० पूर्वीचे होते आणि आर.के.ओ. या बंद पडलेल्या संस्थेचेही होते. याच टर्नरने त्या काळी कृष्णधवल चित्रपटांना संगणकाच्या साहाय्याने रंग फासण्याचा उद्योग आरंभला, आणि त्यावरून अमेरिकेत एवढे वादळ उठले की १९८८ साली तेथील काँग्रेसला चित्रपटजतनाचा कायदा करावा लागला. ‘सिटिझन केन’ला रंग देण्याचा बेत १९८९ साली बारगळला, तोही ऑर्सन वेल्सच्या मूळ करारातील कलमांमुळे. याच माणसाच्या संस्थेने १४ एप्रिल १९९४ रोजी ही वाहिनी सुरू केली आणि जुने चित्रपट जसेच्या तसे, कृष्णधवल असतील तर कृष्णधवलच, दाखवण्याचे व्रत घेतले. पहिला मान अर्थातच ‘गॉन विथ द विंड’चा. एडिसनच्या किनेटोस्कोप यंत्रांचे पहिले प्रदर्शनगृह न्यूयॉर्कमध्ये उघडले त्याला त्या दिवशी बरोबर शंभर वर्षे झाली होती.

मुंबईकरांना हा संग्रह अगदीच परका नाही. धोबीतलावाचे मेट्रो चित्रपटगृह याच मेट्रो संस्थेने १९३८ साली बांधले. पुढे १९९५ पासून काही वर्षे भारतीय घरांत दिवसा ‘कार्टून नेटवर्क’ आणि संध्याकाळनंतर त्याच जागी ‘टीएनटी’ अशी जोडवाहिनी येत असे. मुलांचा टॉम आणि जेरी संपला की पडद्यावर मेट्रोचा सिंह डरकाळी फोडी. तीही याच कोठाराची कृपा होती.

आता प्रश्न असा, की एका नटाच्या चित्रपटांनी चोवीस तास भरतात कसे? आजच्या एखाद्या लोकप्रिय नटाला वर्षाला एक चित्रपट पुरतो. क्लार्क गेबलने १९३१ या एका वर्षात डझनभर चित्रपटांत कामे केली. याचे कारण त्याची निष्ठा वा हव्यास हे नव्हे. तो पगारदार नोकर होता. मोठ्या चित्रसंस्था नटनट्यांना सात-सात वर्षांच्या कराराने बांधून घेत. करार पुढे चालवावा की तोडावा हे ठरवण्याचा अधिकार ठराविक मुदतीने संस्थेला असे, नटाला नसे. दिलेली भूमिका नाकारली तर बिनपगारी निलंबन होई, आणि निलंबनाचे दिवस कराराच्या शेवटी जोडले जात, म्हणजे वेठ तेवढी लांबे. बेटी डेव्हिसने १९३६ साली इंग्लंडमध्ये जाऊन या जोखडाविरुद्ध लढा दिला. लंडनच्या न्यायालयात ती हरली आणि मुकाट्याने वॉर्नर ब्रदर्सच्या कामावर रुजू झाली. ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड मात्र कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात १९४४ साली जिंकली. सात वर्षे म्हणजे दिनदर्शिकेतील सात वर्षे, त्यात निलंबनाची भर घालता येणार नाही, असा निवाडा झाला. आजही तेथे तो कायदा तिच्या नावाने ओळखला जातो.

गेबलचा दिवस पाहणाऱ्याला हा इतिहास वाचून दाखवावा लागत नाही. ‘नाइट नर्स’मध्ये बिनमिशीचा, काळ्या गणवेशातला, बायकांवर हात टाकणारा एक मोटारचालक दिसतो, आणि पाच-सहा वर्षांच्या अंतरात तोच माणूस मिशा राखून राष्ट्राचा लाडका होतो. मधल्या चित्रपटांतून संस्थेने त्याच्यावर काय काय प्रयोग केले, कोणत्या नायिकेसमोर त्याला उभे करून पाहिले, हे स्पष्ट दिसते. आणखी एक मौज अशी, की ज्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ने त्याला ऑस्कर मिळवून दिले तो १९३४ चा चित्रपट मेट्रोचा नव्हेच. मेट्रोने त्याला कोलंबिया या त्या वेळच्या दुय्यम संस्थेकडे उसना दिला होता. बैलजोडी उसनी द्यावी तशी तारे उसने देण्याची ही पद्धत. परिणामी गेबलचा दिवस साजरा करताना त्याचा सर्वांत गाजलेला विनोदी चित्रपट वाहिनीला दुसऱ्याच्या कोठारातून भाडे भरून आणावा लागतो.

भाड्याची ही गोष्ट क्षुल्लक नाही. पॅरामाउंटने १९२९ ते १९४९ या काळातले सुमारे सातशे बोलपट १९५८ साली एम.सी.ए. या कंपनीला विकून टाकले, आणि त्यांचा ताबा आज युनिव्हर्सलकडे आहे. ज्या नटाची उमेद पॅरामाउंटमध्ये गेली त्याचा दिवस महाग पडतो, आणि जो मेट्रोत वा वॉर्नरमध्ये राबला त्याचा स्वस्तात होतो. जेम्स डीनची अडचण वेगळीच. त्याच्या नायकपदाचे तिन्ही चित्रपट लागोपाठ लावले तरी सात तासांत दिवस संपतो. चोवीस तासांचे माप घेतले की तरुण वयात मरून दंतकथा झालेल्यापेक्षा तीस वर्षे नेमाने कामावर जाणाऱ्याचे पारडे जड होते. हे माप अन्याय्य म्हणावे असे मुळीच वाटत नाही.

जिन्यावरचा माणूस

२०१३ सालच्या ऑगस्टची यादी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पहिला दिवस हंफ्रे बोगार्टचा. पुढे डोरिस डे, हेन्री फोंडा, ग्रेगरी पेक, गेबल अशी ठळक नावे होतीच. पण २७ तारीख मार्टिन बाल्समला दिलेली होती. हे नाव ऐकून शंभरातले नव्वद प्रेक्षक कोण हा, असे विचारतील, आणि चेहरा पाहताच शंभरच्या शंभर ओळखतील. हिचकॉकच्या ‘सायको’त जिना चढून जाणारा आणि सुऱ्याचा वार खाऊन पाठमोरा खाली येणारा गुप्तहेर तो हाच. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये पंचांच्या खोलीत सगळ्यांना आपापल्या क्रमांकाने बसवू पाहणारा, कोणी जरा दुखावून बोलले की खट्टू होणारा प्रमुख पंच हाही तोच. बासू चटर्जींनी ‘एक रुका हुआ फैसला’ हा त्याचा हिंदी अवतार १९८६ साली काढला, त्यामुळे ते पात्र भारतीय प्रेक्षकालाही परिचयाचे आहे. त्या बारा जणांत फोंडा नायक आहे, सत्याचा आग्रह धरणारा आहे. बाल्समचा पंच म्हणजे शाळेतला फुटबॉलचा प्रशिक्षक. त्याला फक्त काम शिस्तीत पार पडावे एवढेच हवे आहे. जगातल्या बहुतेक सभा फोंडासारख्यांमुळे नव्हे, तर अशाच माणसांमुळे पार पडतात.

‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’मध्ये तो दलाल आहे, ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’मध्ये रेल्वे कंपनीचा अधिकारी आहे, ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’मध्ये वृत्तपत्राच्या कचेरीतला संपादक आहे. ‘अ थाउजंड क्लाउन्स’मध्ये त्याची भूमिका नोकरीला लाथ मारणाऱ्या अवलिया माणसाच्या, तडजोड करून संसार चालवणाऱ्या भावाची आहे. आपण तडजोड केली आणि त्यात आपली काही एक प्रतिष्ठा आहे, असे तो त्या चित्रपटात सांगतो. १९६५ सालच्या या भूमिकेबद्दल त्याला दुय्यम नटाचे ऑस्कर मिळाले. हे चित्रपट वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या नायकांच्या नावाने पाहिले तर बाल्सम ध्यानात राहत नाही. ते एका दिवशी त्याच्या नावाने पाहिले की दृष्टीच पालटते. नायक मागे सरतात, आणि चित्रपटागणिक वेगळ्या कोटात, वेगळ्या कचेरीत वावरणारा हा मध्यमवयीन गृहस्थ केंद्रस्थानी येतो. चार्ल्स कोबर्नचेही तसेच. १८७७ साली जन्मलेला हा नट रंगभूमीवर आयुष्य घालवून साठीच्या उंबरठ्यावर हॉलिवूडमध्ये स्थिरावला आणि १९४३ च्या ‘द मोअर द मेरियर’साठी ऑस्कर घेऊन गेला. त्यालाही त्याच महिन्यात एक दिवस होता, आणि तो गेबलच्या दिवसाइतकाच चोवीस तासांचा होता. पगारात, नामावलीतल्या अक्षरांच्या आकारात, मरणानंतरच्या मृत्युलेखांत जी समानता या माणसांना कधी लाभली नाही ती या वेळापत्रकाने त्यांना दिली.

स्वयंपाकघराच्या दारात

त्याच महिन्याची २० तारीख हॅटी मॅकडॅनियलची होती. गुलामगिरीत जन्मलेल्या आईबापांची ही मुलगी. ‘गॉन विथ द विंड’मधल्या दाईच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. चित्रपटाचा पहिला खेळ डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटाला झाला तेव्हा जॉर्जिया राज्याच्या वर्णभेदी कायद्यांमुळे तिला तेथे जाता आले नाही. पुढे २९ फेब्रुवारी १९४० च्या पुरस्कारसमारंभात, लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात, तिला सहकलाकारांपासून दूर भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलाशी बसवले होते. त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना मज्जाव असे. तिला आत घेण्यासाठीसुद्धा निर्मात्याला शब्द टाकावा लागला.

या गोष्टी पुस्तकांतून वाचता येतात. तिच्या नावाचा सबंध दिवस जे दाखवतो ते मात्र पुस्तकात सापडणे कठीण. तिच्या वाट्याला ओळीने मोलकरीण, स्वयंपाकीण, दाई आणि पुन्हा मोलकरीणच आली. एक चित्रपट पाहणाऱ्याला ती मजेदार वाटते. दोन पाहणाऱ्याला योगायोग वाटतो. पाचव्या चित्रपटात तोच एप्रन, तेच स्वयंपाकघराचे दार दिसले की प्रेक्षकाला हसू येईनासे होते. आणि त्याच वेळी हेही दिसू लागते, की त्या दारात उभी असलेली नटी एकच काम दोनदा करीत नाही. ‘अ‍ॅलिस अ‍ॅडम्स’मध्ये ऐपत नसताना बडेजाव मिरवू पाहणारे एक मध्यमवर्गीय कुटुंब पाहुण्यापुढे छाप पाडण्यासाठी एका संध्याकाळपुरती तिला कामावर ठेवते. तिचे ते कंटाळलेले चालणे, घसरणारी टोपी आणि यजमानांच्या दिखाऊपणाची तिला मनोमन पटलेली ओळख यांनी तो प्रसंग तिने अक्षरशः खाऊन टाकला आहे. उलट १९४२ च्या ‘इन धिस अवर लाइफ’मध्ये, वकील होऊ पाहणाऱ्या तिच्या मुलावर एका श्रीमंत गोऱ्या मुलीने केलेल्या मोटार-अपघाताचा आळ येतो. तेथे तिच्या वागण्यात विनोदाचा लवलेश नाही. पोलीस आपल्या मुलाचे ऐकून घेणार नाहीत हे ती ज्या थकल्या आवाजात सांगते, तो आवाज तिच्यापाशी आधीपासून होता. मागणी नव्हती.

कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी तिच्यावर त्या काळी कठोर टीका केली, आणि त्या टीकेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. पण दिवसभराचे चित्रपट पाहून उठलेला प्रेक्षक दोष कोणाला द्यावयाचा याबद्दल जरा अधिक विचार करील. तिची शेवटची इच्छा हॉलिवूडच्या स्मशानभूमीत चिरविश्रांती घेण्याची होती. १९५२ साली तीही वर्णामुळे नाकारली गेली, आणि तेथे तिच्या नावाची शिळा बसायला १९९९ उजाडले.

मॅकडॅनियलचा वर्ण झाकता येण्यासारखा नव्हता. मर्ल ओबेरॉनने आपला झाकला. १९११ साली मुंबईत जन्मलेली, संमिश्र वंशाची ही मुलगी लंडनमार्गे हॉलिवूडला पोहोचली आणि ‘द डार्क एंजल’साठी १९३५ च्या सर्वोत्कृष्ट नटीच्या ऑस्करला तिचे नामांकन झाले. ‘वुदरिंग हाइट्स’ची नायिका म्हणून ती अजून आठवली जाते. आपला जन्म टास्मानियाचा आहे असे ती मरेपर्यंत, म्हणजे १९७९ पर्यंत, सांगत राहिली. मुंबईचे नाव निघाले असते तर तिला नायिकेची भूमिका मिळाली नसती. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय पात्रांमधील प्रेमसंबंध पडद्यावर दाखवण्यास त्या वेळच्या चित्रनियमावलीची मनाई होती, आणि संस्था या बाबतीत नियमाहूनही पुढे जाऊन दक्ष असत. तिचे चित्रपट कितीही वेळा पाहिले तरी हे रहस्य पडद्यावर उमटत नाही. तेथे सांगणारा माणूस लागतो.

या वाहिनीने तो माणूस पहिल्यापासून ठेवला, आणि तिचा खरा मोठेपणा त्यात आहे. मुख्य चित्रपटांच्या आधी कोणीतरी पडद्यावर येऊन दोन-तीन मिनिटे निरूपण करतो आणि शेवटी पुन्हा चार शब्द बोलतो. १९९४ पासून जवळजवळ अखेरपर्यंत हे काम रॉबर्ट ऑस्बोर्न करीत असत. २०१७ साली ते निवर्तले तेव्हा जवळचा नातलग गेल्यासारखा शोक प्रेक्षकांनी केला. कीर्तनात आख्यान सर्वांना ठाऊक असते, तरीही बुवांचे निरूपण ऐकायला माणसे येतात, तसेच हे. २०२० साली वर्णविद्वेषाविरुद्धच्या निदर्शनांच्या काळात ‘गॉन विथ द विंड’ एका आंतरजालीय चित्रसेवेने काही दिवस काढून घेतला, आणि परत आणला तो शिकागो विद्यापीठातील प्राध्यापक व याच वाहिनीच्या निरूपणकार जॅकलिन स्टुअर्ट यांच्या प्रस्तावनेसह. काढून टाकणे आणि डोळे मिटून दाखवणे यांच्या मधली ही वाट अधिक शहाणपणाची होती.

कोठार कोणाचे

ज्यांचे चित्रपट उरले त्यांचेच दिवस होऊ शकतात. थिडा बारा ही १९१५ ते १९१९ या काळातली मोठी तारका, चाळीसच्या आसपास मूकपटांची नायिका. त्यांतले पूर्ण स्वरूपात आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत. १९३७ साली न्यू जर्सीत फॉक्स संस्थेच्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेट फिल्मचा साठा जळून गेला. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तेथे निघालेल्या १०,९१९ पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी सुमारे ७० टक्के कायमचे गेले आहेत. मेट्रोच्या कोठारातही १९६५ साली स्फोट होऊन काही चित्रपट नष्ट झाले. तरी मेट्रोचे नशीब थोर, कारण तेथल्या रॉजर मेयर नावाच्या अधिकाऱ्याने मालकांना पटवून जुन्या नायट्रेट प्रती सुरक्षित फिल्मवर उतरवून घेण्याचे काम चालवले होते. हेच मेयर पुढे टर्नरच्या संस्थेचे प्रमुख झाले. आज ऑगस्टमध्ये जे दिसते त्याच्या मागे एका कारकुनी चिकाटीच्या माणसाची कित्येक वर्षांची फायलींची मारामारी आहे.

मालकी बदलली की हे सारे पुन्हा टांगणीला लागते. जून २०२३ मध्ये वाहिनीच्या नव्या मालकांनी, वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी या कंपनीने, खर्चकपातीत वाहिनीच्या वरिष्ठांना घरी पाठवले. कोणाचा दिवस केव्हा आणि त्यात काय दाखवायचे हे वर्षानुवर्षे ठरवणारे चार्ली टॅबेश त्यांत होते. स्टीव्हन स्पीलबर्ग, मार्टिन स्कॉर्सेसी आणि पॉल टॉमस अँडरसन हे तीन दिग्दर्शक मालकांशी बोलले, तेव्हा टॅबेश यांना परत कामावर घेण्यात आले. तिघेही जगविख्यात होते म्हणून जमले. याच वाहिनीने ‘क्रायटेरियन’च्या सहकार्याने काढलेली ‘फिल्मस्ट्रक’ ही आंतरजालीय सेवा २०१८ साली दोन वर्षांतच बंद करण्यात आली, तेव्हा असाच आरडाओरडा होऊनही तिला कोणी वाचवू शकले नाही.

भारतात असा उपक्रम करायचा म्हटले तर? तारकांच्या नावाने जुने चित्रपट दाखवण्याची कल्पना अलीकडे रुजू पाहते आहे. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ऑक्टोबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांचे अकरा चित्रपट सतरा शहरांतील चित्रपटगृहांत पुन्हा लावले, त्याच वर्षी डिसेंबरात दिलीपकुमार यांचे, २०२३ मध्ये देव आनंद यांचे आणि २०२४ मध्ये राज कपूर यांचे. माणसे तिकिटे काढून आली, गाण्यांवर शिट्ट्या वाजल्या. पण ही सर्व नायकांची नावे झाली. २७ ऑगस्टचा तो मार्टिन बाल्समचा दिवस किंवा २० तारखेचा तो मॅकडॅनियलचा दिवस आपल्याकडे कोणाचा असावा, असे विचारले तर ललिता पवारांचे नाव सहज पुढे येते. येवल्याची ही मुलगी मूकपटांच्या काळात बालनटी म्हणून आली, तरुणपणी नायिका झाली. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने चेहऱ्याला आणि डोळ्याला कायमची इजा झाली, नायिकापद गेले, आणि तेथून पुढे खाष्ट सासूची भूमिका तिच्या कपाळी कोरली गेली ती शेवटपर्यंत. एप्रनऐवजी नऊवारी, एवढाच फरक. ‘दहेज’मधली सासू, ‘रामशास्त्री’तली आनंदीबाई, ‘श्री ४२०’ची केळेवाली गंगामाई आणि ‘अनाडी’तली मिसेस डिसा या चौघी एका दिवशी एका पडद्यावर ओळीने आल्या, तर सासू या शब्दाखाली महाराष्ट्राने कोणती नटी झाकून ठेवली होती ते दिसेल.

अडचण सकाळच्या तासांची आहे. भारतात निघालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी उरले ते मोजके, आणि त्यांतलेही बरेच तुकड्यांच्या रूपात. पहिला बोलपट ‘आलम आरा’ याची एकही प्रत कोठे नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटानंतर एक्कावन्न वर्षांनी. पी. के. नायर यांनी पुढे गावोगाव हिंडून, भंगारवाल्यांकडून आणि निर्मात्यांच्या वारसांकडून जे मिळेल ते गोळा केले. त्यातलाही नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच आगीत गेला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील ती वाहिनी आपली पहिली यादी जाहीर करणार होती. ललिता पवारांच्या नायिकापदाच्या दिवसांतले किती रीळ आज प्रक्षेपणयंत्रावर चढवता येतील याची मोजदाद करायची, तर संग्रहालयाच्या नोंदवहीपासून सुरुवात करावी लागेल. त्यानंतर प्रत्येक चित्रपटाचा हक्क आज कोणाकडे आहे ते शोधत बंद पडलेल्या चित्रसंस्थांच्या वारसांचे दरवाजे ठोठवावे लागतील.